आंब्याच्या चवीचा टँक

हसू नका यार, पण मी सिगरेट सोडून व्हेप, म्हणजे ती बॅटरीवरची ई-सिगरेट, सुरू केला तेव्हाची गोष्ट. इथल्या, टेक्सासमधल्या प्लेनोतल्या दुकानदाराने विचारलं, "धुराचे मोठे ढग सोडायचेत की चव हवी?"

म्हटलं, "चव. धूर तर दिसायलाच नको."

बायकोला कळू द्यायचं नव्हतं ना! त्याने व्हेपवर बसवायचा छोटा टँक दिला. त्यात मी आंब्याचं लिक्विड भरलं आणि रोज ऑफिसला ड्राइव्ह करताना ओढायला लागलो. चव अगदी हापूसची!

मे महिन्यात आई आली. इंडियन स्टोअरमधून हापूसची पेटी आणवली, स्वतःच्या हाताने रस काढला आणि पहिली वाटी नातीला दिली. सहा वर्षांच्या सानिकाने वास घेतला आणि वाटी लांब सारली.

"नो, आजी. इट स्मेल्स लाइक बाबाज कार."

आई हसली. "म्हणजे हा गाडीत एकटाच आंबे खातो वाटतं!"

बायको हसली नाही. तिने हात पुढे केला. "गाडीची किल्ली दे."

टँक त्याच दिवशी कचऱ्यात गेला. त्याला आता चार वर्षं झाली. आई अजून दर मे महिन्यात फोनवर विचारते, "पोरगी आंबा खायला लागली का रे?"