टायगरचं लाईफ जॅकेट

हसायचं असेल तर हसा, पण मी एकदा कुत्र्यावर जळलो होतो. कापसाला भाव नव्हता, त्या वर्षांतली गोष्ट. आमचं शेत पैनगंगेच्या पलीकडे, जाणं-येणं डोंग्याने, म्हणजे लहानशा होडीने. पुण्याचा जावई शेत पाहायला आला, सोबत त्याचा लहानसा कुत्रा टायगर. नदी ओलांडायची म्हणून जावयाने कुत्र्यासाठी तीन लाईफ जॅकेटं आणली होती.

माझी बायको टेप घेऊन बसली. तिने टायगरची छाती मोजली. एक जॅकेट ढिलं निघालं, दुसरं काखेत रुतलं. तिसऱ्याच्या पट्ट्याखाली तिने दोन बोटं घालून पाहिली, मग जॅकेटच्या पाठीवरच्या मुठीला धरून त्याला अलगद उचललं.

"आता नाही निसटत माहा राजा."

माझा सदरा ती अंदाजानेच आणते. चाळीस वर्षं डोंग्यात बसतो आहे, मला राजा कोणी म्हटलं नाही.

मी म्हणालो, "कुत्र्याले जन्मापासून पोहता येते. त्याले कायले जॅकेट?"

"शयरातलं लेकरू हाय ते. तुमचं काय, तुमाले पोहता येते."

"मले येते, हे तुले कोनं सांगतलं?"

ती उठली आणि टेप माझ्या छातीला लावून म्हणाली, "हात वर करा."