गंगीची धाप

एक कप चहा पाजता अन् दर वेळी हेच उकरून काढता. ऐका, पुन्हा विचारू नका.

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. बाया कापूस वेचायला रानात गेल्या की लेकरं लिंबाखाली सर्जाक्काजवळ असायची. माझी गंगी कापसाच्या ढिगात खेळता खेळता धापा टाकायला लागली. माझा मेव्हणा म्हाद्या ओरडला, "दाजी, पोरीला नजर लागली!" अन् मिरच्या जाळायला विस्तव घेऊन आला.

सर्जाक्का कडाडली, "छातीत शिट्टी वाजतीय, गळ्याखाली खड्डा पडतोय. दमा हाय हा! धूर केलास तर जीव जाईल तिचा. ए गंगीच्या बापा, धर याला!"

मी त्याला आडवा पाडून वर बसलो. अक्कानं गंगीला ढिगापासून लांब वाऱ्याला नेलं, जरा पुढं वाकवून बसवलं अन् पाठीवर हात ठेवून म्हणत राहिली, "हळू, बाई, हळू."

बऱ्याच वेळानं पोरीचा श्वास मोकळा झाला. ती म्हणाली, "बा, मामाच्या अंगावर का बसलास?"

सर्जाक्कासारखी बाई पुन्हा पाहिली न्हाई. अन् ही दंडावरची खूण बघा, मेव्हण्याच्या दातांची हाय. गंगीला नातवंडं झाली, पण माफी मागितली न्हाई त्यानं. त्या म्हाद्यानं!