चार कुलपांचं वजन

हॅलो? … हो, मीच. बोल गं… हो, हो, लागला नंबर. तुझ्या बाबांना घेतलं आत. दीड तास होत आला डायलिसिसच्या मशीनवर… अगं लागला म्हणजे लागला, खोटं कशाला सांगू?

नाही, मी बाहेर. बाकावर. दाराच्या काचेतून दिसतात ना… डाव्याच हाताला सुया. हो, बघून घेतलं मी.

मशीन? एकच चालू आहे. एक तर वर्षापूर्वीच गेलं, त्याच्यावर चादरींचा गठ्ठा ठेवतात. दुसरं परवापासून बंद. सुटा भाग यायचाय म्हणतात… कधी ते देवाला ठाऊक आणि त्या भागाला ठाऊक.

आज दोघंच होते. तुझे बाबा आणि बाई… अगं आपल्या बाई, शाळेतल्या. ज्यांनी मला ह्याच बाकावर अक्षरं आणि आकडे शिकवले, त्या. बाबांच्या मागून त्यांचा नंबर असतो ना, तोवर पाटी घेऊन बसायच्या माझ्याशी… हो, इथेच आहेत. तीन हात लांब.

मोठे डॉक्टर कालच सांगून गेले होते. ज्याच्या अंगात पाणी जास्त चढलंय, त्याला आधी. दुसऱ्यानं परवा यायचं… मी वाचते की, फळ्यावरच लिहिलंय. थांब. बाबांचं कोरडं वजन अठ्ठावन्न. आजचं बासष्ट. बाईंचं कोरडं सत्तेचाळीस, आजचं पन्नास. म्हणजे बाबांचं पाणी चार किलो, बाईंचं तीन. मशीनवाल्या दादांनी हिशेब केला आणि बाबांना आत घेतलं. संपलं.

वाढलं असेल… आता दोन दिवसांत चार किलो कसं वाढलं, ते मी काय सांगू? … हो, पितात मोजून. वाटीनं पितात. पण काल उकडत होतं फार… अगं पोलिसासारखी काय विचारतेस? तू नर्स तुझ्या दवाखान्यातली, माझ्या घरातली नव्हे.

पाय? सुजलेत… थोडे. … दम? नाही, दम नाही लागत. जिना चढून आले ना नीट.

कोट? आहे ना कोट अंगात. मशीनवर थंडी वाजते त्यांना, रोजचंच आहे. कपड्यांचं अर्धा किलो वजा करतात दादा… अगं ऐक ना… ऐकून तर घे…

थांब. जिन्याकडे जाते.

हं. आता ओरडू नकोस. कोटाच्या अस्तरात कुलपं आहेत. … कुलपं. दुकानातली. गोदामाला लावतात ना, ती मोठी. चार. काल संध्याकाळी शिवली मी आत.

त्यांना कळलं नाही कसं? चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली त्यांनी, ती पाठीला लागल्यावर कळणार नाहीत? नको म्हणाले आधी. कोट काढूनच टाकला. मग सकाळी पुन्हा घातला आणि खिशातला किल्ल्यांचा जुडगा काढून ठेवला. म्हणाले, वाजेल.

हॅलो? … हसतेस का? … मग बोल तरी.

मग काय करायला हवं होतं मी? तो टेम्पोवाला आठवतो? मशीनवरची एक पाळी चुकली त्याची, एकच. तिसऱ्या दिवशी त्याचं नाव पुसलं फळ्यावरून. कुणाला न विचारता मी वाचलेलं ते पहिलं नाव होतं गं. नीट पुसलं नव्हतं, अर्धं दिसत होतं. मला वाचायला आलं नसतं तर बरं झालं असतं त्या दिवशी.

हो, कळतं मला, बाईंचा नंबर होता… कळतं म्हटलं ना. तू नको सांगूस. सकाळपासून मी त्यांच्याकडे बघितलेलं नाही.

काय? … म्हणजे? पुन्हा सांग, हळू. … मशीनला सांगतात किती पाणी काढायचं ते… हो… चार किलो म्हणजे चार किलोच काढतं… अगं पण चार नाहीच आहे ना. दोनच आहे अंगात. मग बाकीचं दोन कुठून काढेल ते?

… रक्तातनं?

जांभया? हो, मघापासून देतायत एकामागून एक. म्हटलं झोप नाही झाली, कुलपांच्या विचारानं… पोटरी? थांब. काचेपाशी जाते. … पाय आखडून घेतलाय. मोकळ्या हातानं पोटरी दाबतायत. … घाम नाही दिसत इथून. काच धुरकट आहे.

अगं पण दादांना सांगितलं तर उतरवतील ना त्यांना. पुन्हा मशीनवर घेणार नाहीत, आणि बाई इथेच… हो. हो. बरोबर आहे तुझं. जाते. तू फोन ठेवू नकोस. बोलली नाहीस तरी चालेल, नुसती राहा.

दादा. दादा, दार उघडा. … आहे मला माहीत, आत यायचं नसतं. वजन खोटं आहे. ह्यांचं. बासष्ट नाही, साठ आहे. कोटात लोखंड आहे, अस्तरात. मी शिवलंय. पाणी ओढणं बंद करा आधी, मग मला काय बोलायचं ते बोला.

अहो. अहो, इकडे बघा. मी आहे. … दादा, हे बघत नाहीयेत माझ्याकडे. ओठ पांढरे झालेत. … धरते, धरते पाय. असे? आणखी वर?

… आहेस ना गं? उशी काढली डोक्याखालची. पाय माझ्या खांद्यावर आहेत. नळीतून मिठाचं पाणी सोडलंय. दाब सत्तर म्हणाले, वरचा. … सत्तर. … तू रडू नकोस, मला दादांचं ऐकू येत नाही.

किती, दादा? … पंच्याऐंशी. पंच्याऐंशी गं… हो, थांबलेय, इथेच आहे… नव्वद. डोळे उघडले. काहीतरी म्हणतायत… काय म्हणता? … म्हणतात, "धरले गेलो का आपण?" … अहो हो, धरले गेलो. पडून राहा गप.

हुश्श… हं, बोल. दादा कात्रीनं अस्तर उसवतायत. टाका पक्का घातलाय मी, सुटत नाही लवकर. एक… दोन… चारही काढली. काट्यावर ठेवली. दोन किलो आणि वर थोडं. त्यांनी तो आकडा वहीत लिहून घेतला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता हळू चालवतील आणखी अर्धा तास, पाणी न ओढता, मग उतरवणार. मग मशीन धुवायचं आणि बाईंना घ्यायचं. बाबांना परवा आणा म्हणाले, चार तास पुरे करू… हो, तो भाग आला तर. नाही आला तर परत फळा आणि परत काटा. … माहीत नाही मला. परवाचं परवा.

बाई? … ऐकलं त्यांनी. दार उघडंच राहिलं होतं. … बाकावर पुढे वाकून बसल्यात, गुडघ्यावर हात टेकून. त्यांना पाठ टेकवत नाहीये गं, श्वास पुरत नाही. दीड तास तशाच बसल्या होत्या आणि मी तुला फळा वाचून दाखवत होते.

थांब, दादा काय म्हणतात… खडू देतायत. "तुम्ही चुकवलंत, तुम्हीच लिहा." … लिहिते. बासष्ट पुसलं. साठ. … सहाचं पोट फुगलं. … हो, बाई बघतायत. चष्मा पदरानं पुसला, पुन्हा बघितलं.

बाई, माझं चुकलं. … चुकलं माझं.

… काय म्हणाल्या? म्हणाल्या, "वजाबाकी चांगली जमली तुम्हाला." … नाही गं, हसत नव्हत्या. एवढं बोलूनच धाप लागली. … खरंच आहे ते. त्यांनीच शिकवली.

आता दादा म्हणतात, बाईंचंही वजन पुन्हा घ्या. काटा तिकडे कोपऱ्यात. ते आत बाबांपाशी, इथे तर दुसरं कोणीच… बाई, थांबा. एकट्या उठू नका, फरशी ओली आहे. … हो, येते मी. … हात पुढे केलाय गं त्यांनी. बाई, तो नको. तो सुईचा हात आहे, त्याला ओढ बसायला नको. दुसरा द्या. हं. माझ्या खांद्यावर टाका भार, सगळा टाका.

ठेवते गं. दोन्ही हात लागतील.