कोऱ्या फळीमागची खिडकी

नाही नाही साहेब, तुम्ही आत्ताच काही बोलू नका — आधी सगळं डोळ्यांनी बघा, मग बोला. जिना जरा उभाच आहे आमचा, दम लागलाय तुम्हाला, दिसतंय. बसता? नको? बरं, उभे राहा. मी सकाळपासून म्हणतेय, पाचच्या आत येतील, अग्निशमनच्या नोटिशीत आजची तारीख आहे म्हणजे आजच येतील. आज तपासणी झाली नाही तर उद्या सकाळी दाराला सील — असंच लिहिलंय ना? तीनदा वाचली मी. चौथ्यांदा आमच्यातल्या एकीनं मोठ्यानं वाचून दाखवली. तर हे आमचं केंद्र. चौतीस वर्षं चाललंय. गे, लेस्बियन, ट्रान्स, ज्यांना ज्यांना दुसरीकडे मोकळेपणी बसता येत नाही त्या सगळ्यांचं. आणि मी इथली — काय म्हणू — किल्ली माझ्याकडे असते. सगळे मावशी म्हणतात. तुमचं नाव मी विचारत नाहीये, राग मानू नका, आमच्याकडे विचारायची पद्धतच नाही. दारातून आलेल्या माणसाला नाव काय, राहता कुठे, कशाला आलात, यातलं काहीही विचारायचं नाही, बसायला सांगायचं. पाण्याचा मीटर वाचायला आलेला एक माणूस असाच चार गुरुवार आमच्या गप्पांच्या गोलात बसला. पाचव्या गुरुवारी बायकोला घेऊन आला. मीटर अजून वाचलेला नाही. तुमच्या बाबतीत तर विचारायची गरजच नाही — काखेत मोठं तपकिरी पाकीट, इस्त्रीचा शर्ट, आणि तोंडातून चकार शब्द नाही. सरकारी माणूस मला लांबून कळतो.

आता बोर्डाचं. तुमची सगळी तक्रार बोर्डाचीच आहे, आणि ती खरी आहे, मी नाकारत नाही. सुरुवातीला सहा फुटी होता — ‘सर्वांचं केंद्र’, बस. मग एका बैठकीत कुणीतरी म्हणालं, सर्वांचं म्हणजे कुणाचंच नाही, माझा शब्द दिसल्याशिवाय मी जिना का चढू? बरोबरच होतं त्याचं. मग आम्ही एकेक शब्द घालत गेलो. गे घातलं, लेस्बियन घातलं, ट्रान्स घातलं. बायसेक्शुअल घालायला जरा उशीर झाला, त्याबद्दल दोन वर्षं ऐकून घेतलं. मग ‘ज्यांचं अजून ठरलेलं नाही ते’ आले, आणि त्यांच्यामागोमाग ‘ज्यांना ठरवायचंच नाही ते’ — हे वेगवेगळे लोक आहेत बरं का, एका ओळीत लिहिलं की भांडतात. मग ‘आणि त्यांचे आईवडील’. मग ते खोडून ‘आईवडिलांपैकी जे येतात ते’ — कारण सगळे कुठे येतात, आणि जे येत नाहीत त्यांना बोर्डावर कशाला मिरवायचं? असं करता करता बोर्ड चाळीस फूट झाला. इमारतीचा कोपरा वळून बोळात गेला. पूर्ण वाचायचा तर माणसाला अर्धा रस्त्यावर वाचून उरलेला बोळात जाऊन वाचावा लागतो. बसवाले आमच्या थांब्याला ‘लांब बोर्ड’च म्हणतात. आणि बोळाच्या बाजूला आमची जी एकुलती एक खिडकी, जिच्याखाली लोखंडी शिडी आहे, तुमच्या कागदात जिला संकटकालीन मार्ग म्हटलंय — तिच्यावर बोर्डाचं शेपूट आलं. आमचीच वाट आम्ही बुजवली. कबूल.

कापा म्हणता — कापूया की. पण कुठून? कुणाचा शब्द काढू? अकरा बैठका घेतल्या. दहा बैठका कुणी आपला शब्द सोडेना. अकराव्या बैठकीत सगळ्यांनाच एकदम पाझर फुटला आणि जो तो म्हणायला लागला, माझा काढा. मग आधी कुणाचा काढायचा यावरून अशी जुंपली की दोघी अजून एकमेकींशी बोलत नाहीत. शेवटचे चार फूट कोरे आहेत, ते पाहिलंत का खालून? तिथे पूर्वी ‘आणि इतर’ होतं. पण इतर व्हायला कोण तयार होणार? ते पुसलं आणि जागा कोरीच ठेवली, जो अजून आलेला नाही त्याच्यासाठी. आणि तीच कोरी फळी नेमकी खिडकीवर. तेव्हा आमच्या सुतारनं — बाई आहे ती, सुतारकाम करते — डोकं चालवलं आणि त्या कोऱ्या फळीला बिजागऱ्या ठोकल्या. म्हणजे कसं, आतून ढकललं की फळी दारासारखी बाहेर उघडणार, पुढे शिडी, उतरा खाली. कुणाचा शब्द कापला नाही, वाट मोकळी झाली, सगळे खूश. तिची बायको रंगकाम करते, तिनं खुशीखुशीत वरून रंगाचे दोन हात मारले. बिजागऱ्यांसकट. तर सध्या ती जराशी घट्ट आहे. घट्ट म्हणजे — उघडत नाही. हे मी बोलायला नको होतं. पाकीट उघडू नका इतक्यात, पुढचं ऐका.

तुम्ही म्हणाल, पुढचं दार आहे की, खिडकीचा एवढा आटापिटा कशाला. मागच्या महिन्यात आम्ही आगीचा सराव केला. घंटा वाजवली. पहिली पाच मिनिटं सगळे दारात उभे राहून ‘आधी तुम्ही, आधी तुम्ही’ करत होते, कारण पुढे घुसणारा म्हणून कुणाला नाव नको होतं. शेवटी हात वर करून मतदान घेतलं तेव्हा कुठे निघाले. पण सात जण खुर्चीतून हलेनात. म्हटलं, अहो उठा, आग लागलीय. तर एकजण शांतपणे म्हणतो, समोरच्या दुकानात माझा मेव्हणा बसतो, त्यानं मला या दारातून बाहेर पडताना पाहिलं तर काय करू? म्हटलं, आणि खरी आग असती तर? तर म्हणाला, मग विचार केला असता. सगळे हसले. मीही हसले, आणि घरी जाऊन स्वयंपाकघरात ढसाढसा रडले. सात माणसं जळायला तयार आहेत साहेब, पण दिसायला तयार नाहीत. त्यांच्यासाठी ती बोळातली खिडकी हवी. बोळात कुणी नसतं, दोन मांजरं असतात फक्त. — चहा टाकू का? मान हलवताय. पाणी? तेही नको. सचोटीचे आहात. इथे कुणी चहासुद्धा घेत नाही म्हटल्यावर मला जरा भीतीच वाटते.

गालाला हात लावून कसला विचार करताय? अहवालाचा? करा. पण ते दिसण्याचं काय असतं ते मला विचारा. मी स्वतः चार महिने या जिन्यात अडकले होते. खरंच. पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे ना — आता मुलगा बसतो, तेव्हा वडील बसायचे. मी सत्तावीस वर्षांची, शाळेत कवायत शिकवायची. पोरांना मैदानाला दहा-दहा फेऱ्या मारायला लावणारी बाई, आणि या जिन्यात एका मजल्यावर अडायची. पहिल्या मजल्यापर्यंत यायची, तेवढ्यात खालून कुणाच्या तरी चपला वाजायच्या, की मी सटकन दवाखान्यात. जिन्यात सापडलेल्या माणसाला कारण नको का? आणि एकदा आत गेलं की खुर्चीत बसवतात, तोंड उघडायला लावतात, आणि उघडल्या तोंडात त्यांना काही ना काही सापडतंच. दोन चांगल्या दाढा गेल्या माझ्या, धडधाकट. दुसरी गेली त्या दिवशी तोंडात कापूस, अर्धा जबडा बधिर, मी दवाखान्यातून बाहेर आले आणि खाली जायच्या ऐवजी वर वळले. बहुतेक मनात आलं असेल, असंच चाललं तर दाढा संपतील. वर आले तर या खुर्चीवर एक नर्स बसलेली. म्हणाली, नाव काय? मला बोलताच येईना. कुठून आलात? येईना. मग तिनं विचारणंच सोडून दिलं, एक वाडगा पुढे केला आणि म्हणाली, थुंका आणि बसा. तीच पुढे आमची पद्धत झाली. विचारायचं नाही, बसवायचं. आणि ती नर्स — ती असते माझ्याकडेच. चुलतबहीण. म्हणजे घरमालकाला तसं सांगितलंय. तेहेतीस वर्षं ती माझी चुलतबहीण आहे, घरमालकानं तिच्यासाठी आपला विधुर भाऊसुद्धा सुचवून पाहिला. आता तिचे गुडघे गेलेत, जिना चढवत नाही, घरी बसून विचारते आज कोण आलं, कोण बसलं. आणि मी इथे लोकांना सांगते, घाबरू नका, उघडपणे जगा. घरी गेले की जिन्यात पुन्हा चुलतबहीण. हे अहवालात नका घालू. याचा आगीशी काही संबंध नाही.

अहो — काय झालं? बसलात ते एक बरं केलंत, पण डोळे का पुसताय? साहेब, नोटीस तुम्ही दिलीत, रडायचं तर मी रडायला हवं. थांबा, पाकीट पडलं तुमचं, मी उचलते — हे काय? हे तर दातांचे फोटो आहेत. आणि हे कार्ड. खालच्या दवाखान्याचं. तारखा… एक, दोन, तीन — सात. चार महिन्यांत सात वेळा? तोंड उघडा बघू. उघडा, मी कुणाला सांगत नाही. कापूस. अगं बाई. म्हणून बोलत नव्हतात, म्हणून चहा नको. आणि मी अर्धा तास तुम्हाला साहेब साहेब करत बोर्डाची मापं ऐकवतेय. आम्ही विचारायचं नाही असा नियम केला, पण न विचारता मनातल्या मनात ठरवून टाकायचं नाही, असा करायचा राहूनच गेला. नाही, चुकून आलो असं सांगू नका. दवाखान्यातून निघालेला माणूस खाली जातो, रस्त्यावर, घरी. चुकून कुणी एवढ्या उभ्या पायऱ्या चढत नाही. किती काढल्या? बोटं दाखवा. तीन. माझ्यापेक्षा एक जास्त. — थांबा, वाडगा आहे कपाटात, तोच आहे, जरा चेपलाय. हा घ्या. थुंका आणि बसा.

हे कोण ओरडतंय बोळात? पाचला सात मिनिटं कमी. ‘वर कोण आहे’ म्हणतंय. मोठं पाकीट नाही, पण हातात वही आहे, फळीच्या फटीतून दिसतेय. हेच ते. खरे साहेब. आता काय करू — उठू नका हो, दाराकडे कुठे निघालात, आणि कपाटामागेही जाऊ नका, तिथून पाय दिसतात. त्याला वर घेतलं तर तो हजर असलेल्यांची नावं लिहून घेणार, त्यांचा नियमच आहे तसा. नाही घेतलं तर उद्या सील. चौतीस वर्षं, ते सात जण, दोघी न बोलणाऱ्या, सगळ्यांसकट सील. आणि तुम्ही आत्ता खाली पळालात तर परत इथवर यायला तुम्हाला आणखी किती दाढा लागतील, ते माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? नाही. तुम्ही बसायचं. वाडगा सोडायचा नाही. सरका जरा तिकडे. या फळीला सुतार तीन दिवस धक्के देतेय, पण सुतारनं कवायत केलेली नाही. खांदा इथे, पाय मागे — एक — दोन — हलतेय, हलतेय — तीन.

उघडली. किती उजेड आला बघा आत.

नमस्कार साहेब. जरा मागे सरका, रंगाचे पोपडे पडताहेत अंगावर. ही खिडकी, ही फळी, ही खाली शिडी. दिसतेय ना उघडलेली? तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीत? मग तसं लिहा. — नाही, वर येता येणार नाही. आज बंद आहे. — बंद असलं म्हणून काय झालं, मी आहे, मी खिडकी उघडायला आले. — बरं, वर घेतलं नाही असंही लिहा, खाली सही मी देते. उद्या सील लावायलाच या म्हणजे, पण अकरा वाजता या, लवकर नको. आधी सगळं दाखवते, मग काय लावायचं ते लावा. माझी चुलतबहीणही — नाही. माझी बायको. हो, बायको, नीट ऐकलंत तुम्ही. तिलाही उचलून आणते उद्या, तिची सही घ्या. पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं तरी चालेल, लिहा. — कसला आवाज? थुंकल्याचा? आहे कुणीतरी. — कोण आहे, कशाला आलंय, नाव काय? साहेब, आमच्याकडे विचारायची पद्धत नाही. या आता.