माझ्या भाताचा गरम डबा

हसता काऊन बायांनो? माझं हे पोट कोरियाच्या वैद्यकीनं तपासलेलं पोट आहे.

तेव्हा चंद्रपुरात गरम दगडाच्या पलंगाचं कोरियन सेंटर नवंनवं निघालं होतं. सासूच्या कमरेसाठी आम्ही गोंडपिपरीवरून एसटीनं गेलो. सासू पलंगावर झोपली, अन् माझा नवरा तिथल्या मॅडमले म्हणते, "हिलेही पाहा जी. खाऊन खाऊन कशी फुगून राह्यली."

मॅडमनं माझ्या पोटावर हात ठेवला. म्हणे, "किती थंड आहे हे! कोरियाचे वैद्य सांगतात, पोटातली आग मंदावली की खाल्लेलं पचत नाही, त्याची चरबी होते. तुम्ही थंड जेवता का?"

म्या म्हटलं, "लग्न झालं तेव्हापासून."

"असं का?"

"आमच्या घरी सून सगळ्यांच्या मागून बसते. तोवर भाताचा गोळा होते."

मॅडम नवऱ्याले म्हणाली, "यांना गरम जेवू द्या. हेच औषध."

त्यानं मान हलवली. मले वाटलं, चला, घरच्याले नाई तर कोरियाले तरी समजलं.

येताना त्यानं बाजारातून गरम राहणारा डबा घेतला. सासूले म्हणते, "आई, हिचा भात याच्यात ठेवत जाय. आपलं सगळ्यांचं होईपर्यंत निवत नाई."

त्याच संध्याकाळी त्यानं जेवताना पुन्हा भात मागितला. गंजातला, म्हणजे पातेल्यातला भात निवला होता. सासूनं माझा डबा उघडला अन् त्याच्या ताटात वाढला.

पहिला घास घेऊन नवरा म्हणते, "डबा कामाचा निघाला."