वरच्या ओढ्याचं पाणी

अलिबागला पाणी तपासणीच्या खिडकीशी माझ्यापुढे काशीदच्या इंदूबाई उभ्या होत्या. आत तस्नीम मॅडम.

"आजी, डोंगरातल्या ओढ्यात नायट्रेट तीन आलंय. पंचेचाळीसपर्यंत चालतं."

"आन गावातल्या ओढ्यात?"

"तेही तीन."

"मंग तसं लिवून द्या. पनवेलला लेकाला धाडते."

"गावातल्या ओढ्यात शेतांचं खत उतरतं, संडासांच्या टाक्या झिरपतात. मागच्या महिन्यात साठ होतं. दोन्ही बाटल्या डोंगरातच भरल्यात ना?"

"व्हय. साठ ऐकलं आन सून म्हनली, बाळाला न्हाय आननार. आठ महिन्यांचा झाला. मोबाईलातच बघते त्याला."

"तान्ह्या बाळाला ते पाणी खरंच वाईट, आजी. उकळूनही नायट्रेट जात नाही."

"त्याला वरचंच पाजीन. रोज एक कळशी आनीन. मला दुसरं काम काय हाय?"

"मग मुलाला तसंच सांगा ना."

"सांगितलं. तो म्हनतो, आई, आता तुझ्यानं डोंगर चढवनार न्हाय."

"मग मी काय लिहू?"

"ह्या दोन बाटल्या वरनं कोनी भरून आनल्या, तेवढं लिवा."