शिंप्याच्या सिनेमातील कथित धमकीबाबत

मी, थिएटरात आणि आसपास 'खिडकीताई' या नावाने ओळखली जाणारी, वय ६१ वर्षे, धंदा तिकीटविक्री व प्रेक्षकांना जागेवर बसवणे, राहणार थिएटरच्या मागच्या जिन्यावरची खोली. जागामालकांच्या पुतण्याने आमच्याविरुद्ध दिलेल्या फिर्यादीवरून मला आज पोलीस ठाण्यात बोलावून विचारपूस झाली, त्यावरून समक्ष सांगते ते असे.

आमच्या थिएटरात नवा सिनेमा लागत नाही. बाकी सगळीकडून जो उतरतो, तो काही वर्षांनी आमच्याकडे चढतो आणि पुन्हा पुन्हा दाखवला जातो. मी खाली खिडकीवर बसते, माझी सख्खी बहीण वर मशीन चालवते. केस पिकले तरी तिला सगळे अजून 'धाकटी'च म्हणतात. आज या शहरात जे नाटक-सिनेमा करतात, त्यावर पेपरात लिहितात, त्यातले निम्मे आमच्या पुढच्या रांगेत पाय पसरून शिकले आहेत. दोन-चार लग्नेही आमच्या मध्यंतरात जमली. याचा फिर्यादीशी संबंध नाही, असे जबाब लिहून घेणारे अंमलदार म्हणाले. माझ्या मते आहे, म्हणून लिहायला लावले.

जागा भाड्याची आहे. मोठे मालक सिनेमाचे वेडे होते. आम्ही आळशीपणा करून जागेचे गोडाऊन करू, या धास्तीने त्यांनी करारात अट घातली की, जाहीर केलेला खेळ प्रेक्षक बसलेले असताना बंद पडला आणि पुरा झाला नाही, तर आम्ही जागा सोडायची. ते असेपर्यंत या अटीचा धाक वाटला नाही. ते गेले, पुतण्या आला. त्याला तिथे मोटारी लावायचा तळ करायचा आहे. "ताई, एक खेळ पडू दे, मग बघतो," असे तो मला खिडकीशी येऊन हसत हसत सांगून गेला होता. तेव्हापासून मशीनचा आवाज जरा बदलला तरी मी खिडकी सोडून जिन्याकडे धावायचे.

रविवारी दुपारी शिंप्याचा सिनेमा होता. त्याची गोष्ट अशी. एका न्यायाधीशाने शिंप्याच्या निरपराध मुलाला शिक्षा दिलेली असते. पुढे तोच न्यायाधीश नव्या कोटासाठी नेमका त्याच शिंप्याच्या दुकानात येतो. समोरचा माणूस कोण, हे त्याला ठाऊक नसते. शिंपी माप घेता घेता त्याला बोलता करतो आणि शेवटी चूक त्याच्याच तोंडून वदवून घेतो. त्यातले "साहेब, मान सरळ ठेवा" हे शिंप्याचे वाक्य शहरात कोणाला माहीत नाही? ऑफिसात वरचा साहेब तोऱ्यात आला की त्याच्या पाठीमागे लोक हेच म्हणतात.

आमच्याकडे या सिनेमाला लोक शिंप्याबरोबर ओठ हलवतात. ओठ हलवायला माझी हरकत नाही, आवाज काढायला आहे. कोणी पुटपुटले की मी अंधारात नुसते "शुक्" करते आणि भले भले गप्प बसतात. या बाबतीत माझा लौकिक चांगला नाही, हे मला मान्य आहे.

हॉल भरलेला होता. न्यायाधीश दुकानात शिरला आणि शिंप्याने गळ्यातला टेप काढला, तेवढ्यात वीज गेली. आमच्याकडे जनरेटर नाही. मीटरच्या खोलीची किल्ली पुतण्याकडे असते. तो फौजदार साहेबांना साक्षीला घेऊनच आत आला आणि मधल्या वाटेत उभा राहून ओरडला, "खेळ बंद पडलेला आहे. सगळ्यांनी घरी जावे." मागच्या रांगांत खुर्च्या वाजायला लागल्या. लोक उठत होते. संपले सगळे, असे मला वाटले.

तोच वरच्या झरोक्यातून धाकटीचा आवाज आला, "ताई, कोणाला उठू देऊ नकोस!" तिने झरोक्यातून पडद्यावर बॅटरी मारली. पडद्यावर नुसता ताटाएवढा उजेड पडला, त्यात काहीच नव्हते. पण लोकांच्या माना तिकडे वळल्या. मला काय झाले कोण जाणे, मी जन्मात पहिल्यांदा हॉलमध्ये मोठ्याने ओरडले, "अरे, रोज ओठ हलवता ना? मग आज तोंडं उघडा की!"

कोणाला खरे वाटेना. मग आमच्या नेहमीच्या एक कंडक्टरबाई आहेत, त्या बसमध्ये ओरडतात तशा आवाजात म्हणाल्या, "या साहेब, या. असे उजेडात उभे राहा." हे शिंप्याचे पुढचे वाक्य. त्याच्या पुढचे सगळ्या हॉलने एका सुरात म्हटले, "कापड तुम्ही निवडा, माप माझ्यावर सोडा." उठलेले लोक खाली बसले.

आणि तिथेच अडले. पुढचे वाक्य न्यायाधीशाचे होते. इतकी वर्षे प्रत्येक जण शिंपीच होत आला होता. न्यायाधीशाचे कोण कशाला पाठ करील! त्याचे एक अक्षर कोणाला येत नव्हते. मलाही नाही. हॉल चिडीचूप झाला. ही शांतता जरा लांबली असती तर खेळ खरोखरच बंद पडला असता.

पुतण्याने घड्याळ पाहिले आणि वैतागून म्हणाला, "अजून किती वेळ लागणार आहे?"

ते न्यायाधीशाचेच वाक्य निघाले. हॉल जो उसळला! "साहेब, मान सरळ ठेवा, मग वेळ लागत नाही!"

"मी कोण आहे माहीत आहे का तुम्हाला?" तो म्हणाला.

"माहीत आहे साहेब, म्हणून तर दोनदा मोजतोय!"

"हा काय तमाशा लावलाय?"

"खांद्याचं झालं, आता छातीचं. मोठा श्वास घ्या आणि खरं बोला!"

तो जे बोलेल त्याला शिंप्याकडे उत्तर तयार होते. लहान मुलांसह सगळे म्हणत होते, खुर्चीच्या हातावर ताल धरून. पुतण्या घामाघूम झाला, फौजदार साहेबांकडे वळला आणि छातीवर हात मारून ओरडला, "अहो साहेब, मी केलंय! मी! वीज मी बंद केलीय!"

सिनेमातही न्यायाधीश शेवटी असाच छातीवर हात मारतो. सगळा हॉल उभा राहिला आणि शिंप्याचे शेवटचे वाक्य अगदी हळू, शिंप्यासारखेच म्हणाला, "एवढंच ऐकायचं होतं, साहेब. कोट मंगळवारी घेऊन जा."

धाकटीने बॅटरी विझवली. सिनेमा इथेच संपतो. त्यानंतर ज्या टाळ्या पडल्या तशा मी आमच्या थिएटरात कधी ऐकल्या नव्हत्या. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटली नाही. कंडक्टरबाईंनी मला उचलायचाच बेत केला होता, मी खुर्चीला धरून राहिले.

प्रेक्षकांनी फिर्यादीला मान व छाती मोजण्याची धमकी दिली काय, असे विचारल्यावरून सांगते की, जे म्हटले ते सिनेमातले होते. एकदा बसल्यावर शेवट येईपर्यंत कोणी खुर्ची सोडली नाही. कोणाकडे टेप किंवा कात्री नव्हती.

रविवारचा खेळ बंद पडला होता काय, असेही मला विचारले. मी पदर खोचून सांगायला लागले, तर अंमलदार म्हणाले, "थांबा ताई, तुम्हाला सांगायची गरज दिसत नाही." त्यांनी पुतण्याची फिर्याद उचलली आणि तिची पहिली ओळ वाचली, "रविवारी दुपारी थिएटरात खेळ चालू असताना सर्व प्रेक्षकांनी संगनमताने मला धमकावले." मी म्हटले, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचली. खाली सही त्याचीच आहे ना, असे विचारले. त्याचीच आहे. धाकटी बाहेर बाकावर बसली होती, तिला आत बोलावून तिसऱ्यांदा वाचायला लावली.

माझा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच उतरला आहे. फिर्यादही वाचून दाखवली. 'खेळ चालू असताना' इथपर्यंत तीही अगदी बरोबर आहे.